साडेबारा आण्यांचे वर्तुळ

भांड्यांच्या दुकानात जाऊन ‘पाच इंच त्रिज्येचा तवा दाखवा’ म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. आलाच, तर दुकानदार त्याला आधी स्टुलावर बसवून पाणी देईल. पंखा घ्या, पाइप घ्या, बोअर घ्या, पिझ्झा घ्या, गोल वस्तू जिथे म्हणून विकली जाते तिथे तिचा व्यास सांगतात. या कडेपासून त्या कडेपर्यंत टेप लावला की काम झाले. तेवढी एक छत्री आडमुठी. तिची काडी मोजतात. पण छत्रीचे आपल्याकडे सगळेच वेगळे असते. ती पावसात घरी राहते आणि उन्हाळ्यात माळ्यावर सापडते.

शाळेत मात्र वर्तुळाचे क्षेत्रफळ काढायचे ते त्रिज्येवरून. पाय आर स्क्वेअर. लग्नाच्या वाढदिवसाची तारीख विसरणारे गृहस्थही पाय आर स्क्वेअर विसरत नाहीत. फक्त तो आर घरात कुठे ठेवलेला असतो, हे त्यांना कधी कुणी सांगितलेले नसते.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला जगाची ही रीत ठाऊक असते आणि तो तिचा पुरेपूर फायदा घेतो. सूत्र त्रिज्येचे शिकवायचे आणि गणितात व्यास द्यायचा. ‘व्यास १४ सेमी असलेल्या वर्तुळाचे क्षेत्रफळ काढा.’ त्या १४ चे ७ करायला जो विसरला त्याचे उत्तर बरोबर चौपट येते. थोडेथोडके चुकायची सोयच नाही. आणि व्यास १४ च का? कारण पाय म्हणजे २२/७, आणि खालचा ७ उडाला पाहिजे. त्यामुळे पाठ्यपुस्तकातली वर्तुळे ७, १४, २१ आणि फार तर ४२ याच मापांत येतात. दहा सेंटिमीटरचे वर्तुळ शालेय जगात निसर्गतः आढळत नाही.

खऱ्या अर्थाने त्रिज्येवर जगणारा प्राणी एकच, खुंट्याला बांधलेली शेळी. पुस्तकातल्या शेळीचा दोर सात मीटरचा असतो, आणि तिला किती गवत मिळेल हे काढायला व्यासाची गरज पडत नाही. कर्कटकाचेही तसेच. टोक रोवायचे, पाय फाकवायचा, फिरवायचे. म्हणजे वर्तुळ जो काढतो त्याला त्रिज्या कळते. काढून ठेवलेले वर्तुळ ज्याच्या पदरी पडते त्याला मिळतो तो व्यास. शेळी वगळता आपण सगळे दुसऱ्या गटात मोडतो.

शिवाय त्रिज्या मोजायची तर आधी केंद्र सापडावे लागते, आणि ते नेमके गैरसोयीच्या जागी असते. विहिरीचे केंद्र हवेत. त्रिज्या मोजायला एकाने काठावर उभे राहावे आणि दुसऱ्याने मधोमध. दुसऱ्या जागेसाठी सहसा अर्ज येत नाहीत. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचे विवर बघा. काठाशी त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. केंद्र गाठायचे तर खाऱ्या पाण्यात उतरावे लागेल, आणि तिथे पोचल्यावर टेप धरणार कशाला? त्यापेक्षा व्यासावरून थेट क्षेत्रफळ काढता आले तर बरे नाही का?

येते की. आणि जुन्या लोकांना ते आपल्याहून सरळ येत होते. इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमारास इजिप्तमधल्या आहमेस नावाच्या लेखनिकाने उतरवून ठेवलेला एक पपायरस आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातले पन्नासावे गणित गोल शेताचे. व्यास ९. आहमेस सांगतो, व्यासाचा नववा हिस्सा टाका, उरले ८. आठाला आठाने गुणा, ६४, हे शेताचे क्षेत्रफळ. खरे उत्तर ६३.६ च्या आसपास येते. साडेतीन हजार वर्षांपूर्वी, पाय नाही, त्रिज्या नाही, अपूर्णांकांची खटपट नाही, आणि चूक शंभरात एकाहूनही कमी. हल्लीचे बिल्डर कार्पेट एरिया सांगतात तो यापेक्षा किती सैल असतो, ते घर घेतलेल्यांनी आठवावे.

पुढे आर्किमिडीजने दाखवले की वर्तुळाचे व्यासाच्या चौरसाशी प्रमाण ११ ला १४ च्या अगदी जवळ आहे. आणि आपल्या भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत हेच दोन दर्जांत देऊन ठेवले. व्यासाच्या वर्गाला ३९२७ ने गुणून ५००० ने भागले तर सूक्ष्म फळ. ११ ने गुणून १४ ने भागले तर स्थूल फळ, व्यवहारासाठी. ज्याला मोक्ष हवा त्याने पहिले घ्यावे, ज्याला विहीर हवी त्याने दुसरे. उदाहरणाला त्यांनी व्यास घेतला आहे ७. (तेव्हा पाठ्यपुस्तक मंडळाला फार बोलू नये, परंपरा मोठी आहे.) सूक्ष्म उत्तर येते ३८.४८, स्थूल ३८.५. एवढ्या फरकासाठी कोण ३९२७ ने गुणत बसेल?

भास्कराचार्यांचे नाव खानदेशाशी जोडलेले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे डॉ. भाऊ दाजी लाड यांना सापडला. साल त्यात १२०७ च्या सुमाराचे. हा तोच खानदेश, जिथे पुरणाचे मांडे उलट्या खापरावर भाजतात आणि ते हातावर झेलत झेलत इतके मोठे करतात की पाहुण्याचा जीव दडपतो. व्यासाच्या वर्गाचा विचार खानदेशात झाला असेल तर मला त्यात नवल वाटत नाही. बाकी महाराष्ट्राला मनातल्या मांड्यांवर भागवावे लागले.

आता आपल्या सोयीचे सूत्र. वर्तुळाभोवती नेमका बसेल असा चौरस काढा. त्याची बाजू म्हणजेच व्यास. हा चौरस सोळा आणे धरला, तर आतले वर्तुळ किती? साडेबारा आणे. अकरा चौदांश म्हणजे १२.५७ आणे, वरचे पैसे सोडून द्या. तेव्हा नियम असा: व्यास गुणिले व्यास, त्याचे साडेबारा आणे. पाऊण करा आणि वर बत्तिसावा भाग टाका. चूक शेकडा अर्धा. आहमेसपेक्षा आपण तसूभर पुढेच. लोणार घ्या. १.८ चा वर्ग ३.२४, पाऊण म्हणजे २.४३, वर बत्तिसावा भाग ०.१०. अडीच चौरस किलोमीटर. पायाला पाणी लागले नाही.

आणे १९५७ साली दशमान नाणी आल्यावर गेले, हे मला माहीत आहे. नव्या पिढीने शेकडा साडेअठ्ठ्याहत्तर म्हणावे. पण त्यात मजा नाही, कारण सोळातून साडेबारा गेले की कोपऱ्यांत काय उरते ते बघा. साडेतीन! मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठे साडेतीन, पेशवाईतले शहाणे साडेतीन, आणि चौरसाचे कोपरे कापले की खाली पडतात तेही साडेतीन आणे. औटकीचा पाढा आमच्या आजोबांच्या पिढीने घोकला तो काही उगीच नव्हे.

हे झाले गणित. घोळ याच्या पुढे आहे. माणूस व्यास ऐकतो आणि मनात बेरीज करतो. वर्ग करायचा असतो हे त्याला उमगत नाही, आणि समजावायला गेलात तर राग येतो.

पंख्याचे बघा. हॉलमध्ये नेहमीचा अठ्ठेचाळीस इंची, आणि आतल्या खोलीत ‘काय फक्त फुटाचा तर फरक’ म्हणून छत्तीस इंची. छत्तीस म्हणजे अठ्ठेचाळिसाचे बारा आणे. माणसाला वाटते, बारा आणे पंखा मिळाला. पण पात्यांखालचे वर्तुळ वर्गाने घटते. तीनाचा वर्ग नऊ, चाराचा सोळा. मिळतो नऊ आणे पंखा. आतल्या खोलीत झोपणाऱ्याला हे कुठल्याही सूत्राशिवाय मे महिन्यात कळते.

विहिरीचा हिशेब तर घर बसवतो. खोदाई ब्रासने मोजतात, ब्रास म्हणजे शंभर घनफूट. वीस फूट व्यास, चाळीस फूट खोली. चारशेचे साडेबारा आणे ३१२, गुणिले चाळीस, म्हणजे सव्वाशे ब्रास. ठरले. मग खोदाईच्या दिवशी काठावर एक मामा येतात. प्रत्येक विहिरीच्या काठावर एक मामा येतातच. ते म्हणतात, ‘दाजी, आयुष्यात एकदाच खंदायची. पाच फूट वाढवा की. पाच फुटानं काय व्हतंय?’ पाच फुटांनी असे होते की वीसचे पंचवीस झाले, चारशेचे सव्वासहाशे झाले, आणि १२५ ब्रासचे १९५ च्या वर गेले. सत्तर ब्रास जास्तीचे, वर ते टाकायचे कुठे हा भाऊबंदकीचा नवा विषय. ठेकेदार या वेळी मध्ये बोलत नाही. ठेकेदाराला वर्ग येतो.

पिझ्झाच्या टेबलावर हीच बेरीज उलट बाजूने फसवते. छोटा सात इंची, मधला दहा इंची. घरातले हिशेबी सदस्य म्हणतात, ‘दहाचा एक कशाला? सातचे दोन घेऊ. चौदा इंच होतात.’ सात सत्ते एकोणपन्नास, दुणे अठ्ठ्याण्णव. दहा दाहे शंभर. म्हणजे दोन छोटे मिळून एक मधला होत नाही, दोन टक्क्यांनी कमीच पडतो. मग ते चौदा इंच जातात कुठे? जातात, पण कडेत. परीघ मात्र व्यासाच्या सरळ प्रमाणात वाढतो, त्यामुळे दोन छोट्यांची कोरडी कड एका मधल्याच्या कडेपेक्षा चाळीस टक्के जास्त भरते. पोरे ती कड ताटात ठेवून उठतात आणि ती बाबा खातात. हिशेब ज्याने केला त्यानेच निस्तरावा, यात अन्याय काही नाही.

याहून मोठा प्रसंग आमच्या सोसायटीच्या सभेत घडला. टाकीतून येणारी एक इंची जुनी लाइन गळत होती. एक इंची पाइप आणण्याऐवजी कुणाच्या तरी गॅलरीत पडून असलेले अर्धा इंची पाइप वापरावेत, अशी सूचना आली.

‘एकाच्या जागी दोन अर्धे. अर्धा अधिक अर्धा एक. खर्च शून्य,’ सेक्रेटरी म्हणाले.

प्लंबर कोपऱ्यात उभा होता. तो म्हणाला, ‘साहेब, दोननी भागणार नाही. चार टाकावे लागतील. तरी पाणी पुरंल का नाही सांगता येत नाही.’

‘चार? चार अर्धे म्हणजे दोन होतात रे बाबा!’ तिसऱ्या मजल्यावरचे काका कळवळून म्हणाले. ते बँकेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर अर्धा अधिक अर्धा एकच होत आला होता.

प्लंबरचे म्हणणे सोळा आणे खरे होते. व्यास निम्मा झाला की तोंड चौथाई होते, आणि पाइपच्या आतल्या घर्षणाचा विचार केला तर पाणी चौथाईहूनही कमी येते. पण प्लंबर सभासद नव्हता. हात वर करून मतदान झाले. दोन अर्धे पाइप मिळून एक इंच होतो, असा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. सूचक, अनुमोदक, नोंद, सही. पाण्याने अजून ठरावाची प्रत मागितलेली नाही, पण ते त्याप्रमाणे वागतही नाही.

हसू नका. हे अमेरिकेतल्या एका राज्याच्या विधानसभेचे करून झालेले आहे. १८९७ साली इंडियाना राज्यात एडवर्ड गुडविन नावाच्या डॉक्टरने वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा नवा सिद्धांत विधेयकाच्या रूपाने मांडायला लावला. सिद्धांत असा: परिघाचा चौथा भाग घ्या, त्याचा वर्ग करा, ते वर्तुळाचे क्षेत्रफळ. त्यातल्याच एका कलमावरून पायची किंमत ३.२ निघत होती. डॉक्टर उदार. इंडियानाच्या शाळांनी हा शोध फुकट वापरावा, स्वामित्वधन नको, असेही विधेयकात होते. विधानसभेने ते आधी दलदलीच्या जमिनींची कामे बघणाऱ्या समितीकडे धाडले. का, हे विचारू नये. समित्या आपल्याकडेही आहेत. तिथून शिक्षण समिती, आणि मग सभागृहात मतदान: बाजूने ६७, विरुद्ध शून्य. आमच्या सोसायटीसारखेच, सर्वानुमते.

पुढे ते वरिष्ठ सभागृहात गेले तेव्हा तिथे ते दारूबंदीच्या समितीकडे सोपवले गेले, आणि त्या समितीनेही ते मंजूर करावे अशी शिफारस केली. निदान हे तरी शुद्धीत केले असे म्हणता येईल. योगायोगाने परड्यू विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक वाल्डो त्या दिवसांत दुसऱ्याच कामासाठी तिथे आले होते. त्यांनी सिनेटर मंडळींना चार शब्द समजावले आणि विधेयक बेमुदत पुढे ढकलले गेले. वाल्डोंना कुणी विचारले, डॉक्टरांशी ओळख करून देऊ का. तर ते म्हणाल्याचे सांगतात की वेड्यांशी आपली आहे तेवढी ओळख पुरेशी आहे. विधेयक फेटाळले मात्र गेले नाही, पुढे ढकलले गेले. सव्वाशे वर्षे उलटून गेली, पुढेच आहे.

गंमत अशी की डॉक्टरांचे हे सूत्र नवे नव्हतेच. लाकूडवाले ते आधीपासून वापरत होते. गोल ओंडक्याचा मधला व्यास टेपने मोजता येत नाही, म्हणून घेराला दोरी गुंडाळायची, दोरीची चौपदरी घडी घालायची आणि त्या घडीचा वर्ग करून लांबीने गुणायचे. एडवर्ड हॉपस या इंग्रज माणसाने १७३६ साली याचे तयार कोष्टकच छापले, आणि इंग्रजांमागोमाग ती रीत आपल्याकडच्या वखारींतही आली. आता घेराच्या चौथाईचा वर्ग खऱ्या क्षेत्रफळाशी ताडून बघा. येतो किती? तेच आपले साडेबारा आणे! विकणारा सोळा आणे लाकूड देतो, घेणारा साडेबारा आण्यांचे पैसे मोजतो, आणि साडेतीन आणे सालपटात आणि भुशात जातात असे दोघे मिळून मानतात. यात फसवणूक म्हणावी तर ती उघड्यावर, दोघांच्या संमतीने आणि कोष्टक छापून होते. डॉक्टरांनी चूक एवढीच केली की वखारीतली सवलत त्यांनी विश्वाला लागू केली.

पण खरी उघड लूट चालते ती आपल्या ताटात. साखर वाढलेल्या माणसाला डॉक्टर सांगतात, ‘रात्री दोनच पोळ्या.’ माणूस घरी येऊन चिठ्ठी दाखवतो, आणि त्या दिवसापासून त्या घरातल्या पोळीचा व्यास वाढू लागतो. कुणी कट करत नाही. लाटणाऱ्या हाताला दया येते, खाणारा ‘जरा सैल लाटा’ म्हणतो, आणि सहा इंची पोळी आठ इंचांवर जाते. सहा साहे छत्तीस. आठ आठे चौसष्ट, दोन पोळ्यांचे एकशे अठ्ठावीस. जाडी तीच धरली तर ताटात दोन पोळ्या दिसतात आणि पोटात जुन्या साडेतीन पोळ्या जातात. (पुन्हा साडेतीन! हा आकडा आपला पिच्छा सोडत नाही.) तीन महिन्यांनी रक्त तपासले की साखर जिथल्या तिथे, आणि माणूस शपथेवर सांगतो, ‘डॉक्टर, दोनाच्या वर तिसरी नाही घेतली.’ तो खोटे बोलत नाही. त्याला मोजणी सांगितली, ती त्याने पाळली.

म्हणून समस्त डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना एक विनंती आहे. औषधाच्या गोळीपुढे तुम्ही मिलिग्रॅम लिहिता, ती नुसती ‘दोन गोळ्या’ म्हणून सोडत नाही. पोळीलाही तो मान द्या. चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहा: पोळ्या २, व्यास ६ इंच, जाडी नेहमीची. तूप वेगळे धरावे.